गाईच्या कानातला उजेड

वत्सला,

काल शाळेत तुझी शोकसभा झाली आणि मला हसू फुटलं. हे तुलाच सांगायला हवं, कारण त्या हॉलमध्ये ते कळेल असं दुसरं कुणी नव्हतं. हेडसर उभे राहिले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "वत्सलाबाईंच्या कुंचल्यातून साक्षात परमेश्वर कागदावर उतरत असे." त्याबरोबर मला तू दिसलीस, मागच्या बाकावरून उठून "सर, परमेश्वर नाही, ऊन" असं म्हणणारी. मी पदर तोंडाला लावला. शेजारी बसलेल्या बाईंना वाटलं, मला रडू आवरत नाही. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवायला सुरुवात केली, तशी मी आणखीच गदगदले. पुढे ते हसू हसू राहिलं नाही, हेही खरं. पण सुरुवात हसण्यानेच झाली, आणि तुला ते आवडलं असतं.

तू आमच्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायला आलीस ते बहात्तरच्या दुष्काळाचं वर्ष. मी मराठी शिकवत होते. आपण तेव्हा अजून अहो-जाहो करत होतो. एक दिवस मधल्या सुट्टीत तू माझ्यासमोर येऊन बसलीस आणि विचारलंस, "शालिनीताई, तुम्ही रविवारी काय करता?"

"कपडे धुते."

"ते पहाटे धुऊन टाका आणि माझ्याबरोबर गिरणाऱ्याला चला. मला निसर्गचित्रं काढायची असतात. बाई एकटी बांधावर बसली की गर्दी जमते. दोघी बसल्या की लोकांना वाटतं, काहीतरी सरकारी काम आहे."

तुझं म्हणणं अगदी तंतोतंत खरं निघालं. नाशकाच्या सीबीएसवरून एस.टी. पकडून आपण गेलो, तू बोर्ड मांडीवर घेतलास, मी शेजारी पुस्तक उघडलं आणि घटकाभरात एक म्हातारी समोर येऊन उभी राहिली. आपण दुष्काळी कामावरची माणसं लिहून घ्यायला आलोय अशी तिची समजूत. "बाई, माझ्या सुनेचं बी नाव घ्या," म्हणाली. तू म्हणालीस, "आजी, मी माणसं नाही हो लिहीत. डोंगर लिहून घेते." ती कागदावर वाकली आणि म्हणाली, "घ्या लिहून. त्याला तरी काय लागत नाय."

मला मात्र राहून राहून वाटत होतं की या रखरखाटात ही बाई काढणार काय. सगळं पिवळं, धुरळ्याने माखलेलं. मी तसं बोललेही. तू मान वर न करता म्हणालीस, "सावल्या बघा. पाऊस पडला नाही म्हणून सावल्या थोड्याच वाळल्यात?" मी बघितलं. बाभळीखालची सावली काळी नव्हती, जांभळट होती. इतकी वर्षं मी काळी समजत होते. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये केव्हातरी आपलं अहो-जाहो गळून पडलं.

मग सुरू झालं आपलं भांडण. मी सटाण्याकडची, शेतकऱ्याच्या घरातली. दारात तुळस, संध्याकाळी दिवा आणि उगवत्या सूर्याला नमस्कार यात वाढलेली. गिरणाऱ्याजवळच्या गंगापूर धरणावर उजाडताना बघितलं की माझ्या तोंडून निघायचंच, "देवाची करणी आहे बघ."

"उजेड म्हण."

"एकच की."

"एकच कसं? देवाकडे काहीतरी मागता येतं. उजेडाकडे मागून बघ."

याचं उत्तर मला थेट बुधवारी सुचलं. मी तुझ्या वर्गाच्या दारात येऊन म्हटलं, "सूर्यफुलं मागतात की." मुलींच्या वह्या तपासत तू म्हणालीस, "मागत नाहीत. वळतात." आणि दार लावून घेतलंस. असलं माणूस मैत्रीण म्हणून मिळालं, म्हणजे भांडणाला सुट्टी म्हणून नाही.

आणीबाणी उठली त्या वर्षी माझ्या मामांनी दिंडोरी रोडला मंगल कार्यालय बांधलं. कांद्याच्या व्यापारात त्यांचं बरं चाललं होतं आणि पहिलं लग्न त्यांच्याच मुलीचं, माझ्या मामेबहिणीचं, व्हायचं होतं. स्टेजमागच्या मोठ्या भिंतीवर त्यांना गोकुळ हवं होतं. मी मोठ्या तोंडाने तुझं नाव सांगितलं. तू भिंत बघितलीस, तिच्यासमोर इकडून तिकडे चाललीस आणि मामांना स्वच्छ सांगितलंस, "गाई काढीन, झाडं काढीन, नदी, डोंगर काढीन. देव काढणार नाही."

मामा हसून "बरं, बरं" म्हणाले. त्यांना वाटलं, बाईमाणूस आहे, शेवटी ऐकेल. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं.

ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. कागदावर उजेडाची जागा कोरी सोडली की भागतं, भिंतीवर तो रंगाने आणावा लागतो आणि ते तू आधी कधी केलेलं नव्हतं. म्हणून शाळा सुटली की आपण गिरणाऱ्याची बस गाठायचो, गुरं घरी येताना बघायला. तू कळपाच्या पुढे जाऊन उलटी चालायचीस, गाईंकडे तोंड करून, मावळता सूर्य त्यांच्या पाठीशी राहील अशी. गुराखी थांबून बघत राहायचे. अशीच उलटी चालता चालता एकदा तू पाटात पडलीस. मी धावत आले तर पाण्यात बसूनच तू ओरडलीस, "शालू, कान बघ! गाईचे कान बघ!" मी बघितले. मागून आलेलं ऊन कानांतून आरपार येत होतं आणि प्रत्येक गाईचे दोन कान आतून पेटल्यासारखे लाल दिसत होते. बारीक शिरासुद्धा दिसत होत्या. तुझं पातळ चिखलाने भरलं होतं आणि मला वाटत होतं, या बाईचा हात धरून हिला उठवावं की मीच पाण्यात उतरून हिच्या शेजारी बसावं.

भिंत पुरी झाली. डोंगराआड जाणारा सूर्य, नदीवरून उठलेली धूळ आणि त्या धुळीतून समोर, थेट आपल्या अंगावर येणाऱ्या गाई. मामा सटाण्याहून बघायला आले. कमरेवर हात ठेवून उभे राहिले. पहिला प्रश्न आला, "कान काबरं लाल?"

"तुमच्या गोठ्यात गाय आहे ना, मामा? संध्याकाळी सूर्य तिच्या पाठीशी असताना तिच्यासमोर उभे राहा. मग मला सांगा."

मामा गेले आणि चार-आठ दिवसांनी पुन्हा आले. चप्पल काढायच्या आत म्हणाले, "लाल शेतस. उमर गई मनी गायीसमा, कान कधी देखात नई." सगळा जन्म गाईंत जाऊनही कान दिसले नाहीत, याचं त्यांना इतकं अप्रूप वाटत होतं की येणाऱ्या-जाणाऱ्याला ते धरून भिंतीपुढे उभं करत होते. पण दुसरा प्रश्न त्यांनी सोडला नव्हता. "मास्तरीणबाई, गायी झकास शेतस. पन देव कोठे शे?"

आणि मी त्यांच्या बाजूने बोलले. गोकुळ म्हणायचं आणि त्यात कृष्ण नाही? लग्नाला आलेली माणसं काय म्हणतील? एवढीशी मूर्ती काढली तर काय बिघडतं? तू ब्रश धुऊन घरी गेलीस. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानात, मुलींची कवायत चालू असताना, तू मला सांगितलंस. मी विसरणं शक्य नाही.

"शालू, आमच्या घराने धम्म घेतला तेव्हा मी शाळेत होते. आबा रेल्वेच्या कामावरून आले, देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधले आणि नदीवर गेले. आयुष्यभर ते लोकांसमोर वाकून चालायचे. त्या दिवशी परत आले ते ताठ चालत. मनमाडची अख्खी गल्ली बघत होती. तुझे मामा चांगले आहेत, तूही चांगली आहेस. पण ते ताठ चालणं मी कुणाच्या भिंतीसाठी मोडणार नाही."

मला पटलं का? तेव्हा नाही पटलं. दोन रविवार आपण गिरणाऱ्याला गेलो नाही. स्टाफरूममध्ये तू खिडकीशी आणि मी कपाटाशी. लग्न जवळ आलं होतं, आणि मामांनी आपल्या परीने तोड काढली. नाशकातल्या टॉकीजचे मोठमोठे बोर्ड रंगवणारे उस्मानभाई पेंटर, त्यांना बोलावून भिंतीवर कृष्ण काढून घेतला.

निरोप मला आला. आता ही बाई पुन्हा तोंड बघणार नाही, असं धरून मी तुला सांगितलं. तू पिशवी उचललीस आणि म्हणालीस, "चल, बघू तरी."

गाईंच्या मधोमध तो उभा होता. निळाशार, गालावर चकाकी, कपाळावर सिनेमातल्यासारखी बट, ओठ लालचुटूक, आणि तोंडावर असा झगझगीत उजेड की जणू समोरच्या गॅलरीतून कुणी बॅटरी मारतंय. तू स्टेजच्या पायरीवर बसलीस आणि हसायला लागलीस. डोळ्यांत पाणी येईतो हसलीस. शिडीवरून उतरणारे उस्मानभाई दुखावले.

"हसू नका बाई. नाशकात सगळ्या टॉकीजचे बोर्ड माझे असतात."

"रंग फार सुंदर बसलाय, उस्मानभाई. खरंच सांगते. पण मला एक सांगा, सूर्य कुठाय?"

त्यांनी वळून बघितलं. "मागे."

"मग याच्या तोंडावर उजेड कुणी पाडला?"

उस्मानभाईंनी ब्रश कानामागे खोचला. "देव आहे ना बाई. त्याचा खुदचा लाइट असतो."

हे उत्तर मला फार आवडलं. मी तर टाळीच वाजवणार होते. तू मूर्तीकडून गाईंकडे नजर फिरवलीस. मग म्हणालीस, "असेल. पण मग तो गाईंच्या अंगावर पडायला नको? माझ्या गाई तर मागच्या उजेडात आहेत. आता एक तर गाई खोट्या, नाही तर देव खोटा."

मामा घाबरले. "आसं बोलू नका बाई, घरमा लगन शे!"

"तोंडावर लाइट नको, तर पब्लिकला दिसणार काय?" उस्मानभाई म्हणाले. "मागून लाइट आला की माणूस काळा पडतो."

आणि मामा, ज्यांना चित्रातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं, पटकन म्हणाले, "मंग? काळाच शे तो!"

तू पायरीवरून उठलीस. उस्मानभाई हसायला लागले, मामाही. त्यांना आपण काय बोलून गेलो ते तोवर कळलं नव्हतं, पण सगळे हसताहेत म्हणून ते सगळ्यांत मोठ्याने हसले.

दोन दिवस तुम्ही दोघांनी ती भिंत पुन्हा केली. मूर्ती उस्मानभाईंनीच रंगवली. ती होईतो तू ब्रश उचलला नाहीस. तू खाली उभी राहून सांगत होतीस, "गाल विझवा, उस्मानभाई. अजून विझवा. डोळे नकोत," आणि ते वरून ओरडत होते, "बाई, हीरोचे डोळे काढून घेता म्हणजे कमाल झाली!" शेवटी ते खाली आले आणि तू शिडीवर चढलीस. खांद्याच्या कडेला, केसांच्या टोकांना, हातातल्या काठीला तू उजेडाची बारीक रेघ ओढलीस. आणि मग दोन्ही कान लाल केलेस, गाईंचे होते तसेच.

"देव तुमचा, उस्मानभाई," तू वरून म्हणालीस. "कड माझी."

लग्नाला तुझे आबा मनमाडहून आले होते. पांढराशुभ्र सदरा, टोपी, आणि खरंच ताठ. तू त्यांना भिंतीपुढे नेलंस आणि माझा दंड धरलेला तुझा हात घट्ट झाला. आबा बघत राहिले. वऱ्हाडातली दोन-तीन माणसं पुढे येऊन भिंतीला हात जोडून गेली, तेही त्यांनी बघितलं. मग विचारलं, "हे पोरगं कोण?"

"गुराखी आहे, आबा," तू म्हणालीस.

"कृष्ण आहे," मी त्याच दमात म्हणाले.

आबांनी तुझ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा भिंतीकडे बघितलं. "दमलंय बिचारं," म्हणाले. "दिवसभर गुरांमागं फिरलंय. आता घरी निघालंय." आणि जेवणाची पंगत कुठे बसते ते विचारून तिकडे चालू लागले. तुझी पकड सुटली. दंडावर तुझी बोटं उमटली होती. तू त्या दिवशी जिलबी किती खाल्लीस ते मी कुणाला सांगणार नाही.

त्यानंतर कितीदा तरी मी तुला म्हटलं, की शेवटी देव काढून गेलीसच. आणि तू तेवढ्याच वेळा म्हणालीस, "मी कड काढली. तुझ्या मामांनी देव पाहिला, आबांनी पोरगं पाहिलं. त्यात माझा काय दोष?" पुढे उस्मानभाई अधूनमधून शाळेत यायचे, तुला नवा बोर्ड दाखवायला न्यायला. मारामारीच्या सिनेमाच्या बोर्डवर त्यांनी एकदा खलनायकाला मागून उजेड दिला आणि टॉकीजच्या मालकाने तो पुन्हा रंगवायला लावला, हे सांगताना ते किती खूश होते! तू बुद्धपौर्णिमेला पांडवलेण्यांवर जायचीस, मलाही न्यायचीस. वंदना झाली की सगळे उतरायचे, तू मात्र लेण्याच्या तोंडाशी बसून राहायचीस, आतल्या अंधारात ऊन कुठवर सरकतं ते बघत. मी विचारलं, "हे काय, ध्यान?" तू म्हणालीस, "नाव देऊ नकोस गं. बघू दे."

गेल्या पावसाळ्यानंतर तू अंथरूण धरलंस. कॉलनीतल्या तुमच्या खोलीच्या खिडकीतून शेजारच्या घराची भिंत तेवढी दिसायची. मी आले तेव्हा तू तक्रार केली नाहीस, काम सांगितलंस. "तू गिरणाऱ्याला जा. बघून ये आणि मला सांग." मी शाळेतून निवृत्ती घेतलेली, सकाळ मोकळी. पहिल्या दिवशी मी उत्साहाने आले. "अगं, काय सोनेरी ऊन पडलं होतं!"

"सोनेरी म्हणजे तू बसमध्ये झोपली होतीस."

"नाही गं!"

"मग सोनेरी म्हणू नकोस. डोंगर कुठल्या रंगाचा होता?"

"निळा."

"पायथ्यापासून माथ्यापर्यंत निळा?"

तू डोळे मिटून घेतलेस आणि म्हणालीस, "उद्या परत जा." आयुष्यभर मुलींना निबंध शिकवले मी, लाल शाईने पानं भरून काढली, आणि तू मला दर दुपारी नापास करत होतीस. तुझी वहिनी चहा घेऊन यायची आणि विचारायची, "तुम्ही दोघी गप्पा मारताय की भांडताय?" पण हळूहळू मला जमू लागलं. मी सांगताना चादरीवर तुझं बोट फिरायला लागायचं. एकदा तर तू म्हणालीस, "हं. हे दिसलं." एवढंच. मी घरी जाऊन नवऱ्याला दोनदा सांगितलं.

गेल्या आठवड्यातल्या त्या सकाळी मी नेहमीसारखी गेले. परत आले तर तुमच्या दारात चपला पडलेल्या होत्या, पुष्कळ. वहिनी म्हणाली, "उजाडतानाच गेल्या. झोपेत." म्हणजे मी धरणाच्या काठाला उभी राहून तुझ्यासाठी बघत होते, तेव्हा. मी तुझ्या उशाशी बसले, पण घर माणसांनी भरलेलं होतं आणि त्या सकाळचं तुला सांगायचं राहून गेलं. तर आता ऐक.

थंडी होती. धरणाच्या पाण्यावर धुकं बसलेलं, पाण्याला टेकून नाही, हातभर वर. डोंगराचा माथा आधी उजळला, पेरूच्या गरासारखा फिकट गुलाबी. पायथा तेव्हा अजून राखाडी होता आणि मधला पट्टा कुठल्याच रंगाचा नव्हता, मी नीट बघितलं. द्राक्षाच्या मांडवावर दव होतं. पानं हिरवी दिसत नव्हती, पांढरी दिसत होती. एक बगळा उडाला तो सावलीत होता तोवर निळसर होता, उन्हात गेला आणि मला दिसेनासाच झाला. आणि आता सांगते ते मी स्वतः शोधलंय, तू कधी दाखवलं नव्हतंस. वस्तीवर कुणीतरी चूल पेटवली होती. धूर आंब्याच्या झाडापुढून वर चढत होता, तिथे तो निळा होता. झाडाच्या वर आभाळापुढे आला की तपकिरी. एकच धूर, वत्सला. मी तिथेच ठरवलं की हे ऐकून तू उठून बसणार. बसची वाट न बघता मी दुधाच्या गाडीला हात केला.

एकदाही सोनेरी म्हटलं नाही. देव असंही म्हटलं नाही. मनात म्हटलं, तेवढं चालवून घे.

तुझी,
शालू